नुसता फेस

गणपुले मास्तरांनी सलूनच्या खुर्चीवर हात टेकताच लाल दिवा लागला. गिऱ्हाइकाचं रक्त तपासल्याशिवाय आता कुठलीच खुर्ची वस्तऱ्याचा कप्पा उघडत नसे.

“मास्तर, रक्त पातळ करायची गोळी तुम्हाला चालूच आहे. वर आणखी काय घेतलंत?” सलूनवाल्या दिगंबरने विचारलं.

“ही गेली, पण तिच्या डब्यात ॲस्पिरिन उरल्यात. माझा गुडघा दुखला की तीच हातावर ठेवायची. टाकवत नाहीत रे.”

“दोन्ही एकत्र घेतल्या तर आतून रक्त सुटतं. खुर्चीनं दवाखान्याची गाडी बोलावलीय. आज दाढी नाही.”

मास्तर आरशात बघत राहिले.

“मग नुसता फेस लाव. फेसातलं माझं तोंड बघून ती रोज हसायची.”

दिगंबरने ब्रश भिजवला आणि गाडी दाराशी येईपर्यंत तो हलक्या हाताने फेस घोळवत राहिला.