बुवाची जोडी

उदगीरचा अमरेश रविवारी नर घेऊन यायला तयार होता, पण रविकांतच्या घरात त्याची माय, सरजाबाई, अजून हो म्हणत नव्हती.

बुवा म्हणजे त्यांच्या घरातला दाढीवाला सरडा. हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली काट्यांची दाढी. ती दाढी बघून सरजाबाईनं नाव ठेवलं बुवा. पुढं कळलं की ती मादी आहे, पण नाव तेच राहिलं. रविकांतच्या मुलीनं, धम्मप्रियानं, दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीकडून ती आणली आणि नांदेडला शिकायला जाताना आजीच्या स्वाधीन केली. तेव्हापासून मेथी चिरून घालणं, रातकिडे सोडणं, उबेचा दिवा लावणं, सगळं सरजाबाईच करायची. बुवा आजीची, जोडी लावायची का नाही ते आजीच ठरवील, असं मुलगी बापाला बजावून गेली होती.

रविकांतला मात्र पिल्लांनी झपाटलं होतं. पंचवीस वर्षं त्यानं कचेरीत दुसऱ्यांच्या फायली पुढं सरकवल्या. आता त्याच्या हिशेबानं लातुरातली पहिली पिल्लं त्याच्या घरात निघणार होती. अंडी उबवायची पेटी त्यानं स्वतः बनवली. वनखात्यात नोंद कशी करायची ते विचारून आला. कचेरीतल्या निम्म्या लोकांना पिल्लं कबूलही करून बसला.

सरजाबाईचं म्हणणं एकच. बुवा अंगानं लहानखुरी आहे, वीस-पंचवीस अंडी तिला सोसायची नाहीत, जीव जाईल. नांदेडच्या जनावरांच्या डॉक्टरला दाखवा, तो म्हणेल तसं करू.

धम्मप्रिया सुट्टीला आली आणि जाताना बुवाला टोपलीत घालून घेऊन गेली. चार दिवसांनी ओळखीच्या जीपवाल्याबरोबर टोपली परत आली, सोबत एक चिठ्ठी. ती स्वतः देगलूरकडच्या एका खेड्यात पंधरा दिवसांच्या कामावर गेली होती. तिथं फोन लागत नव्हता.

चिठ्ठीवर 'आजीस' असं लिहिलं होतं. अक्षरं ठळक, मोठी, एकेक सुटं. मोबाइलमुळं या पोरांची हातानं लिहायची सवयच मोडली, असं रविकांतच्या मनात आलं. त्यानं चिठ्ठी आधी मनातल्या मनात वाचली, तांब्याभर पाणी प्याला आणि मग मायपुढं येऊन बसला.

"आजी, डॉक्टरांनी बुवाला तपासलं. तब्येत झकास आहे. जोडी खुशाल लावा."

सरजाबाई बुवाच्या पेटीतला कागद बदलत होती. पेटीच्या तळाला रोज जुना पेपर अंथरायचा, ते काम ती कुणाला करू द्यायची नाही. त्यात तिला अर्धा अर्धा तास लागायचा. पेपर पसरून बोटानं एकेक सुरकुती काढायची. उलटा पडला तर उचलून सुलटा करायची. बुवाला वाचायचाय का माय, म्हणून रविकांत रोज हसायचा.

"फिरून वाच," ती म्हणाली.

त्यानं चिठ्ठी पुन्हा डोळ्यांपुढं धरली. "आजी, डॉक्टरांनी बुवाला तपासलं. तब्येत चांगली आहे. जोडी बेलाशक लावा."

"मघाशी खुशाल म्हणलास."

"एकच की ते, माय."

"हाव. एकच," असं म्हणून ती पुन्हा पेपरकडं वळली.

दुसऱ्या दिवशी त्याचा सदरा धुवायला घेताना तिनं खिसे चाचपले आणि चिठ्ठी बाहेर काढून त्याच्या हातात दिली. "पाण्यात गेली असती. पोरीचं अक्षर हाय, जपून ठिव." रविकांतनं ती कपाटात फायलींच्या खाली सरकवली. त्या सांजेला जेवताना ती आपणहून बोलली, येऊ दे त्या उदगीरवाल्याला.

रविकांतला जग जिंकल्यासारखं झालं. त्यानं उभ्या गल्लीत पेढे वाटले.

रविवारी अमरेश आला. त्याच्या खांद्याला पट्ट्याची पेटी, आत नर. माणूस सरळ होता, पण एकदा पोळला होता. बिदरकडच्या एकाची मादी अंडी घालताना गेली आणि मालकानं सगळा दोष याच्या माथी मारला. तेव्हापासून मालकाचा लेखी होकार हातात पडल्याशिवाय तो पेटी उघडत नसे.

रविकांतनं कागद तयारच ठेवला होता. 'माझी संमती आहे', खाली मोकळी जागा. कचेरीतून शाईचा पॅडही आणला होता. नर बघायला गल्लीतली माणसं दारात जमली.

"मावशी, मनापासून हाय ना?" अमरेश म्हणाला. "मागून मला बोल नको."

"कागदावरच देते की बाबा."

रविकांतनं पॅड उघडून तिचा डावा अंगठा धरला. रेशनच्या दुकानापासून बँकेपर्यंत तो अंगठा आजवर त्यानंच धरला होता. सरजाबाईनं हात सोडवून घेतला. अमरेशच्या खिशाचं पेन काढलं, कागद उलटा करून पाटावर ठेवला आणि त्यावर वाकली.

"माय, अंगठा," रविकांत म्हणाला.

तिनं मान वर केली नाही. बराच वेळ पेन कुरकुरत राहिलं.

अमरेशनं कागद उचलून वाचला आणि पेटीचा पट्टा पुन्हा खांद्यावर घेतला. मग तो कागद त्यानं रविकांतच्या हातात दिला. अक्षरं ठळक, मोठी, एकेक सुटं:

'बुवा तीनशे ग्रॅम हाय. डॉक्टर चारशे झाल्याबिगर नको म्हणले. रवी, चिठ्ठीत खुशालबी न्हवतं, बेलाशकबी न्हवतं. सही, सरजाबाई.'