गोळीकिड्यांचे रविवार

"आज परत देवनहळ्ळी?" प्रदीपकुमारने पेपरातून डोकं वर न काढता विचारलं.

"हो. स्वल्प लवकर बोलावलंय सगळ्यांना. सरी, बरं मग, येते मी," म्हणत मेघाश्रीने पांढऱ्या चपला घातल्या आणि ती निघालीसुद्धा.

पाच महिने हेच चाललं होतं. दर रविवारी दहा-बारा हौशी माणसं शहराबाहेरच्या देवनहळ्ळीतल्या एका मळ्यात जात, दगड उलटत आणि खालचे जीव न्याहाळत. त्यातही मेघाश्रीला वेड लागलं होतं गोळीकिड्यांचं. ओल्या कुंडीखाली राहणारे आणि हात लावला की गोळी होऊन बसणारे ते करडे जीव! त्यांच्यासाठी ती इस्त्रीचा कुर्ता घालायची, केसांत मोगरा माळायची. घरी यायची ती गाणं गुणगुणत.

प्रदीपकुमार जळायचा. कुणाला सांगायचीही सोय नव्हती, पण भयंकर जळायचा. वीस वर्षांच्या संसारात त्याच्यासाठी ती अशी कधी नटली नव्हती. टापटीप मात्र तिची तीच. मळ्यातून आली तरी चपलांना मातीचा कण नसायचा.

ग्रुपचे प्रमुख श्रीवत्स भले गृहस्थ. तिला गाडीतून नेत आणि संध्याकाळी दारात आणून सोडत. प्रदीपकुमार त्यांच्यासाठी आठवणीने कुरकुरीत, तळलेल्या कोडबळ्यांचा डबा पाठवी. त्याचा सगळा राग किड्यांवर.

शेवटी एका रविवारी तो इरेला पेटला. एवढं आहे तरी काय त्यांच्यात? पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या वर्कशॉपमधलं स्क्रूचे आटे तपासायचं भिंग त्याने घरी आणलं होतं. मागच्या अंगणातली कुंडी सरकवून त्याने एक गोळीकिडा कागदावर घेतला आणि सवयीप्रमाणे आधी मोजमाप केलं. पाय भरले चौदा. पुन्हा मोजले. चौदाच.

मग तो वाचत बसला. हा किडा नव्हताच मुळी! खेकडा-कोळंबीच्या कुळातला, पाण्यातून जमिनीवर आलेला. कल्ल्यांसारख्या अवयवांनी श्वास घेतो, म्हणून ओल सोडत नाही. कुजकी पानं खाऊन माती सकस करतो. आई पोटाखालच्या पिशवीत अंडी घेऊन हिंडते. दिसायला बारीक आणि सरपटणारा, म्हणून लोक त्याला किडा म्हणून मोकळे होतात. किड्याला सहा पाय असतात, पण वाकून मोजतो कोण?

प्रदीपकुमारला स्वतःची लाज वाटली. बायको एवढं सुंदर काही बघत होती आणि आपण एकदाही धड चौकशी केली नाही. नुसते धुमसत बसलो.

संध्याकाळी ती आली तेव्हा त्याने स्वतः कॉफी करून दिली.

"मेघा, पुढच्या रविवारी मी पण येतो."

तिने कप खाली ठेवला. "कंटाळाल हो तुम्ही. तिथे नुसतं उन्हात बसायचं."

"नाही कंटाळणार. आज अभ्यास केलाय मी. मला आवडले ते." त्याला लग्नाच्या पहिल्या वर्षासारखं अवघडल्यासारखं झालं होतं. तिला जरा फुलवावं म्हणून त्याने अगदी पहिलीतला प्रश्न काढला. "सांगा बघू गुरूबाई, गोळीकिड्याला पाय किती?"

मेघाश्री मोकळेपणाने हसली.

"हे काय विचारणं झालं? सगळ्या किड्यांना असतात तेवढेच. सहा."