यादीबाहेरचं घर

पुढच्या महिन्यात गोवराच्या लसीची मोहीम होती. आशा सेविका संयोगिता उचगावात घरोघर फिरून लहान मुलांची यादी करत होती. महादेवीचं घर मात्र तिनं टाळलं. गेल्या खेपेला महादेवीनं लस नको म्हणत तोंडावर दार लावलं होतं.

पण आज महादेवीच पायात चपला सरकवून मागोमाग आली. “चला ताई, मी बी येतो.”

गल्लीत नव्यानं राहायला आलेली बाई बाळाला कडेवर घेऊन दारात आडवी उभी राहिली. “लस नको. टोचली की दोन दिस ताप येतोय पोराला.”

“येतोय की,” महादेवी म्हणाली. “माझ्या शिवांशला गोवर निघाला, तवा सा दिस हुता. सातव्या दिशी अंग गार पडलं, ते कायमचंच.”

बाई दारातून बाजूला झाली आणि बाळाचं नाव सांगू लागली.