घरचं माप

"पाय मावत नाहीत, काका."

गिऱ्हाईक बाईंची दहा वर्षांची मुलगी नव्या पलंगावर आडवी झाली होती. तिची पावलं पायथ्याच्या बेसिनच्या कपाटावर जाऊन आदळली होती. घडीमास्तर हसला.

"कसे मावत नाहीत? नीट झोप की बाळा. माप घेऊन केलाय पलंग."

घडीमास्तर हे नाव त्याला गल्लीनं दिलेलं. दिसेल त्या वस्तूची घडी घालून ती भिंतीत बसवायची, हा त्याचा धंदा आणि हीच त्याची खोड. ही जुनी मिनीबस त्याच्या शेडमध्ये आली तेव्हा आत नुसता पत्रा होता. आता तिचं फिरतं घर झालं होतं. टेबल खाली दाबलं की ते दोन बाकांच्या मध्ये बसायचं आणि धाकट्याचा पलंग तयार. बाईंचा मुलगा त्यावर मघापासून उड्या मारत होता. थोरलीचा पलंग दिवसा भिंतीला उभा आणि रात्री बिजागऱ्यांवर खाली. एवढं करून वर पायथ्याशी बेसिनही बसवलेलं. मास्तरचा खरा जीव त्या बेसिनवर होता.

कारण ती जागा त्यानं अक्षरशः हवेतून काढली होती. बाईंनी मुलांची वयं सांगितली, तेव्हा तो ऐटीत म्हणाला होता, "मुलांना आणायचा त्रास नको. अगदी याच वयाची दोन माझ्या घरात आहेत." मग रविवारी दुपारी जेवणं होऊन घर निजलं, तसा त्यानं झोपलेल्या लेकीला टेप लावला. उभी राहिली की त्याच्या छातीला लागणारी पोर तीन फुटांत संपली. मास्तर हरखूनच गेला. लहान मुलांना लांबच लांब पलंग करून देणारे बाकीचे सुतार त्याला ठार अडाणी वाटले. मुलं झोपतात केवढ्याशा जागेत, हे एकानंही बघू नये?

"थांबा, दाखवतो," तो आता म्हणाला आणि त्यानं लेकीला हाक मारली. शाळा सुटली की ती शेडमध्येच यायची. फळ्यांच्या ढिगावर बसून अभ्यास करत होती, ती पेन्सिल कानावर ठेवून आली. दोघी मुली शेजारी उभ्या राहिल्या. उंचीला अगदी सारख्या.

"जरा झोपून दाखव गं हिला."

लेक पलंगावर चढली, कुशीवर झाली, गुडघे वर घेतले, हनुवटी खाली घेतली आणि बसली की अगदी चपखल! वर चार बोटं जागाही उरली. मास्तरनं बाईंकडे विजयानं पाहिलं. बाई हसल्या नाहीत.

"पण मग तू पाय लांब कुठे करतेस?" बाईंच्या मुलीनं विचारलं.

"नाही करायचे," लेक पडल्या पडल्या समजावू लागली. बाबांचं काम अडू नये म्हणून ती मनापासून शिकवत होती. "हात असे मांड्यांमध्ये ठेवायचे. कूस बदलायची असेल ना, तर आधी उठून बसायचं, बसल्या बसल्या वळायचं आणि मग झोपायचं. म्हणजे कुणाला लागत नाही. सुरुवातीला पायाला मुंग्या येतात. मग सवय होते."

बाकावरच्या उड्या थांबल्या. बाई लगबगीनं म्हणाल्या, "मास्तर, काम फार सुंदर झालंय हो. फक्त ते बेसिन काढा. आम्हाला त्याची तशी गरजच नाही."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी आवाज मऊ केला आणि मास्तर कानकोंडा झाला. "काढतो," एवढंच तो बोलला. बाई मुलांना घेऊन गेल्या.

मास्तरच्या घरी एकाच खोलीत चौघं, आणि उरलेल्या खोलीभर त्यानं केलेल्या घडीच्या सामानाचे नमुने. येणारा-जाणारा तोंडात बोट घालायचा, मास्तर, काय जागा काढलीय! आणि तो रोज रात्री दिवा मालवताना लेकीला हसत हसत सांगायचा, अंथरूण पाहून पाय पसरावेत, राणी. पोर हसायची आणि पाय ओढून घ्यायची. ती जागा कुणाच्या अंगातून काढली होती, ते त्याला आज कळलं. त्याला स्वतःच्या हातांची लाज वाटली.

लेक अजून पलंगावरच होती. "बाबा, माझं चुकलं का काही? त्यांना आवडलं नाही."

"तुझं काही नाही चुकलं. माझं चुकलं."

त्यानं पेचकस घेतला, बेसिनच्या कपाटाचे स्क्रू काढले आणि कपाट ओढून खाली उतरवलं. पलंगाच्या पायथ्याशी मोकळी जागा पडली.

"आता पाय लांब कर."

तिनं केले. थोडेसेच.

"अजून. पूर्ण."

तिची पावलं पलंगाच्या कडेबाहेर गेली. केवढी लांब झाली होती पोर! मास्तर टेप धरून तिच्या डोक्याशी वाकला. ती हात अंगाशी चिकटवून, डोळे घट्ट मिटून पडली होती. डॉक्टर सुई टोचणार असल्यासारखी. त्यानं एकदा माप घेतलं, मग पुन्हा एकदा घेतलं.

"झालं का माप?" तिनं डोळे न उघडताच विचारलं.

"झालं, बाळा."

तिनं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि गुडघे पोटाशी ओढून घेतले.