भाऊबीजेचं पाणी

"आत्या, पाणी," म्हणत भाची आत शिरली. शैलाने नळाखाली ग्लास भरून पुढे केला, तोच दादाने तो बाजूला सारला आणि पिशवीतून घरून आणलेली बाटली काढून लेकीला दिली.

शैला बघतच राहिली. जलशुद्धीकरण केंद्रातला केमिस्ट होता तो. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा उग्र वास सुटला, तेव्हा "वास आहे म्हणजे पाणी निर्धास्त प्या" असं त्यानेच सांगितलं होतं. त्याच्या शब्दावर तिने अख्ख्या गल्लीची समजूत घातली होती.

"तलावात पालापाचोळा कुजलाय," दादा खाली बघत म्हणाला. "त्यात क्लोरीन पडलं की घातक द्रव्यं तयार होतात. तपासणीत ती जास्त निघालीत. बाहेर बोलू नका म्हणून वरून तंबी आहे."

"माझी पोरं हेच पितात, दादा. मला तरी सांगायचंस."

"तू गल्लीभर केलं असतंस."

शैलाने निरांजन लावलं आणि तोच ग्लास पाटासमोर आणून ठेवला.

"आधी हे पी, मग ओवाळते."

निरांजनातलं तूप संपून वात विझली, तरी ग्लास भरलेलाच होता.