भट्टी बंद केल्यावरचा पाव

नोरा चार्लटनने पाव उचलला, हातात तोलून पाहिला आणि सरळ फरशीवर टाकला.

पाव धपकन पडला आणि पडून राहिला. म्हातारीच्या हातून सुटला असेल असं वाटून क्रेग घाईघाईने वाकला. नोराने त्याला तसाच राहू दे म्हणून खुणावलं. दारात उभ्या असलेल्या शेजारच्या चिप्सवाल्या रेग डॉड्सने एक लांब श्वास सोडला.

स्टॉटी असाच तपासायचा असतो. ताटाएवढा, चपटा, जड पाव. फरशीवर टाकला की थोडा तरी उसळला पाहिजे. इंग्लंडात टाईन नदीकाठच्या या गावात ही गोष्ट कुणी कुणाला शिकवत नसे. पण नोराचा नवरा टॉट चार्लटन वारला, त्याची बेकरी बंद पडली आणि दोन वर्षं सगळ्या गावाने कारखान्यातले पिशवीबंद पाव गोड मानून घेतले. रेगच्या दुकानातले चिप्स तेच होते, बटाट्याचे जाड काप, चरबीत तळलेले, गरमागरम. पण त्या पावात भरून वर व्हिनेगर मारलं की पाव बोटांतच विरघळायचा आणि माणूस बिचारा रस्त्यात उभं राहून लगदा चाटत बसायचा. खोटं कशाला सांगू, शुक्रवारची मजाच गेली होती.

क्रेग मिलबर्नने बसची नोकरी सोडून टॉटची बेकरी घेतली होती. गावातलाच माणूस, पण पाव भाजायला शिकला तो फोनवर बघून. त्याचे बाकीचे पाव बरे खपत होते, पण बऱ्या खपावर दुकान नाताळपर्यंतही तगलं नसतं. रेगने रोज पाव घेतले तर तगणार होतं. रेगने एकच अट घातली होती. नोरा हो म्हणाली तर सोमवारपासून पाव तुझे, नाही म्हणाली तर मी माझ्या पिशवीबंद पावांबरोबर सुखी आहे.

आणि नोरा दोन वर्षांत या दुकानाची पायरी चढली नव्हती. रस्ता ओलांडून पलीकडून जायची. आज रेगने तिला जवळजवळ धरूनच आणलं होतं.

"दिसायला छान आहे," ती म्हणाली. "जॅम लावून खावा. चिप्सचं ओझं काही याला पेलायचं नाही. कसा भाजलास?"

क्रेगने सांगितलं. खास यासाठी पहाटे वेगळी कणीक मळली, भट्टी पुरी तापवली, तबकात घालून वरच्या कप्प्यात ठेवला.

"वरच्या कप्प्यात," नोरा रेगकडे बघून म्हणाली. रेगने मान फिरवली, कारण त्याला हसू येत होतं.

मग तिने कोट काढला. सगळे पाव भाजून झाले की भांड्याच्या कडांना जी कणीक उरते तिचाच स्टॉटी करतात, एवढं तिने ऐकवलं आणि उरलेल्या कणकेचे गोळे हाताने थापले. मधोमध बोटाने एक भोक पाडलं. भट्टी बंद करायला लावली. क्रेगचा हात बटणावर थबकला. बंद भट्टीत, उरलेल्या धगीवर पाव भाजायचा ही गोष्ट त्याच्या फोनने त्याला सांगितली नव्हती. तिने गोळे तबकाशिवाय थेट भट्टीच्या तळावर सरकवले, दार लावलं आणि पिठाच्या पोत्यावर बसली.

एव्हाना रेगच्या दुकानासमोरची रांग वास घेत घेत बेकरीच्या दारात आली होती. कुणी सांगितलं, आमची आई पाव निवायला दारात भिंतीला टेकवून ठेवायची आणि शेजारचा कुत्रा एक तरी पळवायचाच. कुणी सांगितलं, गोदीत कामाला असताना अर्धा स्टॉटी सदऱ्यात खुपसून न्यायचो. जेवणही व्हायचं आणि तोवर पोटाला ऊबही राहायची. क्रेग मात्र भट्टीच्या दारावरचा हात काढत नव्हता.

अर्ध्या तासाने पाव निघाले. जरा निवल्यावर नोराने एक उचलला. रांग दारातून आत सरकली.

पाव पडला, घोट्याइतका उसळला, आणि पुन्हा पडला.

रेगने दुसरा पाव घेतला, आडवा चिरला, लोणी फासलं, शेजारून चिप्स आणून ठासून भरले आणि सढळ हाताने व्हिनेगर मारून नोराच्या हातात दिला. तिने उभ्यानेच खाल्ला. पावाचा तळ शेवटपर्यंत टिकला.

"वाईट नाही," ती म्हणाली.

आमच्याकडे याहून मोठं कौतुक कुणी करत नाही. रेगने क्रेगच्या पाठीवर थाप मारली, सोमवारी सकाळी दहाच्या आत पाव पोचव म्हणाला आणि गिऱ्हाइकांना हाकत आपल्या दुकानाकडे गेला. क्रेग मटकन स्टुलावर बसला. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते त्याने पिठाच्या हातांनीच पुसले.

नोरा कोट चढवत होती. तिची बटणं लागेपर्यंत तो थांबला, मग भीत भीत विचारलं, "मिसेस चार्लटन, खरं सांगा. टॉटचा पाव याच्याहून उंच उसळायचा ना?"

नोराने त्या भट्टीकडे एकदा बघून घेतलं.

"कुणास ठाऊक. चाळीस वर्षांत त्याचा पाव मी एकदाही खाली टाकला नाही, पोरा. नसता उसळला तर?"