ऐकणारीचे तांदूळ

द्वारकेच्या मुठीतले तांदूळ घामानं ओले झाले होते. पौषातली सकाळ, खाडीवरून येणारा वारा ओसरीवर नुसता बोचत होता, आणि हिला घाम. आज सांगून टाकायचं, असं तिनं ठरवलं होतं. मी ऐकायला बसणार नाही.

सासूबाईंनी नेहमीप्रमाणे तिला घोंगडीवर बसवून माजघरातून ओसरीपर्यंत ओढत आणलं होतं. यमूच्या वेळच्या बाळंतरोगात तिचं कमरेखालचं अंग गेलं, त्याला दोन वर्षं झाली. एरवीचे दिवस निघून जात. वाती वळाव्यात, तांदूळ निवडावेत, आळीतल्या बायका येऊन टेकत त्यांच्याशी बोलावं. हात चालू असले की माणूस पायांना विसरतं. आदितवारी मात्र ठाण्याच्या कचेऱ्या बंद. जिचा-तिचा नवरा घरी, म्हणून बायका फिरकत नसत. आणि तिचा नवरा त्र्यंबक सकाळीच तळ्याकाठी मित्राकडे सोंगट्या खेळायला जाई.

उरायचं ते सूर्याचं व्रत. पाटावर रक्तचंदनाचा सूर्य काढायचा, खिरीचा नैवेद्य ठेवायचा, मग कहाणी. एकीनं सांगायची, दुसरीनं उपाशीपोटी, मुठीत तांदूळ धरून ऐकायची. घरात दुसरी होती ती द्वारकाच.

कहाणीतली राणी वाटेत भेटेल त्याला सूर्याची गोष्ट सांगत जाते, आणि ऐकणाऱ्याचं भलं होतं. शेवटी भेटतो हातपाय नसलेला एक जीव. तो ऐकतो, आणि त्याला हातपाय फुटतात. तिथं आलं की सासूबाईंचा आवाज हळू व्हायचा आणि नजर द्वारकेकडे यायची. गेल्या आदितवारी तर यमूनं आईच्या पायाचा अंगठा धरून ओढला होता. “आई, ऊठ ना!” द्वारका तेव्हा हसली. मग तोंडावर पदर घेऊन कितीतरी वेळ भिंतीकडे वळून पडून राहिली.

आज ती बोलायला तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी गळ्याला हात लावला.

“घसा बसला गं,” त्या कुजबुजल्या. “शब्द फुटत नाही.”

द्वारकेनं पूजेच्या ताटलीतला खडीसाखरेचा खडा त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो यमूच्या तोंडात घातला.

“मग आज राहू दे, सासूबाई,” द्वारका म्हणाली. तिला सुटल्यासारखं झालं.

“आणि व्रत मोडू? तू सांग. मी ऐकते.”

“मला कुठं येते?”

“दोन पौष ऐकते आहेस. एवढ्यात भिंत बोलायला लागली असती.”

त्यांनी तिची मूठ उघडून तांदूळ स्वतःच्या मुठीत घेतले आणि तिच्यासमोर मांडी घालून बसल्या. जशी एरवी ती बसायची, मान खाली घालून.

द्वारका अडखळत सुरू झाली. राणीचा वसा सांगायचा विसरली, मागे जाऊन पुन्हा सांगितला. मग हळूहळू आवाज लागला. राणीला तिनं माजिवड्यावरून काढलं, खाडी ओलांडून कल्याणला नेलं, शहाडच्या नदीवर पाणी पाजलं. तो तिच्या माहेरचा रस्ता. दोन वर्षांत तिनं तो पाहिला नव्हता. आता एकेक झाड दिसत होतं.

आणि वाटेत तो पडला होता. हात नाहीत, पाय नाहीत.

द्वारका थांबली. तिची नजर आपोआप सासूबाईंकडे गेली. सांगणाऱ्याची नजर ऐकणाऱ्याकडे जातेच, बरं लागलं की बोचलं ते बघायला. हे तिला या बाजूला बसल्यावर कळलं. सासूबाईंनी डोळे गच्च मिटले होते. मूठ छातीशी धरली होती.

“राणी म्हणाली, बाबा, गोष्ट सांगू का? तो म्हणाला, आधी मला उठवून बसव. पडल्या पडल्या काय ऐकायची? आणि आज तू सांगितलीस, तर उद्या मी सांगेन. पायांचं मग बघू. यायचे तर येतील.”

सासूबाईंनी डोळे उघडले. “असं नाही कहाणीत.”

“माझ्या आहे.”

त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि मुठीतले तांदूळ सूर्यावर वाहिले. यमूचं लक्ष मात्र केव्हापासून दुसरीकडेच होतं. तिनं सावकाश खिरीच्या वाटीत हात घातला.

“अगं ए भवाने! नैवेद्य उष्टा करतेस?”

परसातले कावळे उडाले. समोरच्या घराची खिडकी उघडली. मसुंदा तळ्याच्या पल्याड ऐकू गेला असेल, असा तो आवाज.

सासूबाईंचा हात हळूच गळ्याकडे गेला. द्वारका खाली बघून यमूची बोटं पुसत राहिली. पुसून झाली तरी पुसत राहिली.

पुढच्या आदितवारी पाटावर सूर्य काढून झाल्यावर द्वारकेनंच विचारलं, “सासूबाई, घसा कसा आहे आज?”

“बसेल आता,” सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, आणि घोंगडी झटकायला लागल्या.